वापरलेल्या पाण्यावर जगवलेली बाग

२०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि नळाची वाट बघणं लोकांनी सोडून दिलं होतं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी होऊन भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात १४४ कलम लावावं लागलं. ११ एप्रिलला मिरजेहून १० वाघिणींची पाण्याची पहिली गाडी निघाली. दुसऱ्या दिवशी ती सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली. कृष्णेचं पाणी साडेतीनशे किलोमीटरवरून रेल्वेने आणून आम्ही प्यालो.

त्या उन्हाळ्यात आमच्या घरामागची बाग जगली. सगळी नाही, पण बरीचशी जगली. ती कशी जगवली हे लिहायचं मनात होतं, कारण दर वर्षी होळी झाली की कुणी ना कुणी विचारतंच, "यंदा पाण्याचं अवघड दिसतंय, झाडांचं काय करायचं?"

आमची जागा साधी आहे. घरामागे वीस बाय तीस फुटांची मोकळी जमीन. त्यात एक लिंबू, एक केशर आंबा (तेव्हा चार-पाच वर्षांचा होता), शेवगा, कढीपत्ता, पारिजातक, जास्वंद, कोपऱ्यात कडुनिंब. पुढे सासूबाईंचा मोगरा, तुळस, गुलाबाची चार झाडं, थोडी हिरवळ आणि कुंड्या. माती काळी, भारी. पावसाळ्यात पाय रुतेल अशी आणि एप्रिलमध्ये बोट जाईल एवढ्या भेगा पडणारी.

बोअर फेब्रुवारीतच आटला. गल्लीत आठशे-नऊशे फूट खोल गेलेले बोअरही फुफाट्याशिवाय काही देत नव्हते. टँकर आठवड्याने, कधी त्याहूनही उशिरा यायचा. त्यात जे मिळेल ते प्यायला, स्वयंपाकाला आणि अंघोळीला. अशा वेळी बागेचा विचार करणंसुद्धा मला सुरुवातीला अपराधी वाटायचं. रात्री दोन वाजता हंडे घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायकांसमोर झाडांची गोष्ट काढायची कशी? म्हणून घरात सगळ्यांनी मिळून एक नियम ठरवला. माणसाच्या पोटात जाऊ शकेल असं पाणी झाडाला एक थेंबही घालायचं नाही. टँकरचं नाही, जारचं नाही, उकळून ठेवलेलं तर नाहीच. झाडाला मिळेल ते माणसाने एकदा वापरून झालेलं पाणी. ते जेवढं असेल तेवढ्यात जे जगेल ते जगेल.

हा नियम ठरल्यावर पुढचं पुष्कळ सोपं झालं. पाणी किती लागतं हा प्रश्नच उरला नाही. पाणी किती आहे, एवढाच उरला.

मोजून पाहिलं तर वापरलेलं पाणी वाटतं त्यापेक्षा बरंच निघतं. तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, हात धुतलेलं, अंघोळीचं, कपडे खळबळलेलं. अंघोळ मोठ्या टबात बसून करायची आणि ते पाणी टबातून बादलीत काढायचं. माणशी एक बादली अंघोळीला मिळायची, त्यातलं निम्म्याहून अधिक परत हाती यायचं. कपडे आठवड्यातून दोनदा. पहिलं साबणाचं पाणी संडासात टाकायला, दुसरं-तिसरं खळबळलेलं पाणी झाडांना. आरओ मशीन बंद केलं. एक लिटर शुद्ध करायला ते दोन-तीन लिटर सोडून देतं आणि ते सोडलेलं पाणी क्षारांनी भरलेलं असतं. तुरटी फिरवून, निवळून, उकळून पाणी प्यालो. कूलरही लावला नाही. मोठा कूलर दिवसाला पन्नास-साठ लिटर सहज ओढतो.

कोणतं पाणी कोणत्या झाडाला, हे मात्र नीट समजून घ्यावं लागलं. माझे एक मामा कृषी खात्यातून निवृत्त होऊन उदगीरला राहतात. त्यांना फोन केला तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "साबण कुठला वापरता?" धुण्याच्या पावडरीत सोडियम असतो. आपली काळी माती आधीच चुनखडीची. तिच्यात सोडियम साठत गेला की मातीचे कण सुटे होतात, वर पापुद्रा धरतो आणि पाणी खाली उतरेनासं होतं. शेतकरी ज्या जमिनीला चोपण म्हणतात ती अशीच होते. नदीकाठच्या चोपण झालेल्या जमिनी मी पाहिल्या आहेत, त्यामुळे मामांचं म्हणणं लगेच पटलं. मग घरात पाण्याच्या तीन प्रती झाल्या.

तांदळाचं धुवण आणि भाजी धुतलेलं पाणी सगळ्यात चांगलं. ते तुळशीला, कढीपत्त्याला, कुंड्यांना. अंघोळीचं पाणी लिंबाला, आंब्याला. अंघोळीला साबण कमी केला, मुलांना डाळीचं पीठ लावलं. कपडे खळबळलेलं पाणी कडुनिंब, शेवगा, जास्वंद यांना, तेही एकाच झाडाला रोज नाही, पाळीपाळीने. भांड्यांचं खरकटं तेलकट पाणी कोणालाच नाही. त्याने मातीवर तवंग धरतो, वास येतो आणि मुंग्या-झुरळं होतात. वापरलेलं पाणी साठवायचंही नाही, त्याच दिवशी संध्याकाळी संपवायचं. एक रात्र राहिलं तरी चालतं, दुसऱ्या दिवशी मात्र ते कुजायला लागतं. पालेभाज्या किंवा कोथिंबीर यांना हे पाणी नकोच, आपण ते कच्चं खातो. म्हणून त्या वर्षी वाफे रिकामेच ठेवले.

घरातलं साठवणीचं पाणी झाकलेलं आहे ना, हे सासूबाई बघायच्या. ड्रमांना जुन्या धोतराचे तुकडे बांधले होते आणि आठवड्यातून एक दिवस ड्रम रिकामा करून घासायचा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. पाणीटंचाईत तो वाढतो, कारण प्रत्येक घरात पाणी साठवलेलं असतं. बागेच्या गप्पांत ही गोष्ट कुणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

पाणी ठरलं, मग झाडं ठरवायची होती. हे काम मला सगळ्यात जड गेलं. एका संध्याकाळी मी, सासूबाई आणि हे असे तिघं मागे फिरलो आणि प्रत्येक झाडापाशी थांबून ठरवलं. जे झाड वाढायला वर्षं लागली ते आधी. जे चार महिन्यांत पुन्हा लावता येतं ते शेवटी. आंबा आणि लिंबू पहिल्या पंगतीत. शेवगा, कडुनिंब, चाफा, कोरफड यांची काळजी नव्हती, ती झाडं इथल्या उन्हाळ्याचीच आहेत. चाफा तर पानं टाकून गप्प बसतो. बोगनवेल पाणी तोडलं की जास्त फुलते. पारिजातकाने पानं गाळली तरी खोड जिवंत राहतं हे माहीत होतं. हिरवळ सोडून दिली. ती हरळीच होती. हरळी वरून वाळून गेली तरी खालच्या कांड्या मरत नाहीत, पावसाला उठते. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने मैदानांच्या पाण्यावरून महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले होते. आमच्या घरात त्यावर फार चर्चा झाली नाही, कारण आमची हिरवळ तोवर पिवळी पडलेली होती आणि आम्हाला तो निर्णय योग्यच वाटत होता.

गुलाब सोडायचे ठरले तेव्हा सासूबाई काही बोलल्या नाहीत. मोगऱ्यापाशी आल्यावर म्हणाल्या, "ह्याला माझ्या वाटणीचं घाल." म्हणजे त्यांच्या अंघोळीचं. चैत्र-वैशाख म्हणजे मोगऱ्याच्या बहराचे दिवस आणि त्याला नेमकं तेव्हाच पाणी लागतं. मी होकार दिला. त्यांचा मोगरा त्यांच्या पाण्यावर फुलला, गजरा करण्याइतका नाही, पण देवापुढे ठेवण्याइतका.

आता पाणी देण्याच्या पद्धतीबद्दल, कारण खरी बचत इथे होते. आधी आम्ही रोज सकाळी नळी लावून झाडांना शिंपायचो. खुरप्याने उकरून पाहिलं तर वरची दोन बोटं माती ओली आणि खाली ठणठणीत. ४१-४२ अंशांच्या उन्हात ती दोन बोटांची ओल दुपारपर्यंत उडून जायची. रोज थोडं-थोडं पाणी दिलं की मुळंही ओलीच्या मागे वरच येतात आणि मग उन्हात भाजतात. म्हणून नळी गुंडाळून ठेवली. मोठ्या झाडांना चार-पाच दिवसांनी एकदाच, पण मुळापर्यंत उतरेल इतकं द्यायचं ठरलं.

त्यासाठी मडकी पुरली. कुंभारवाड्यातून साधी, बिनरंगाची, पाच-सहा लिटरची मडकी आणली. फांद्यांचा घेर जिथे संपतो तिथे, बुंध्यापासून दीड-दोन फूट लांब, आंब्याला दोन आणि लिंबाला दोन. पाणी पिणारी बारीक मुळं घेराच्या कडेला असतात, बुंध्यापाशी नाही. मडक्याचा गळा तेवढा वर ठेवायचा, बाकी सगळं मातीत. भोक पाडायचं नाही. मातीच्या अंगातून पाणी हळूहळू पाझरतं आणि बाहेरची माती कोरडी असेल तेवढंच ते ओढून घेते. आत पाणी भरलं की वर परळ झाकायचा, म्हणजे डास होत नाहीत आणि वाफही जात नाही. उन्हाळ्यात एक मडकं साधारण तीन-चार दिवस पुरायचं. मडक्यात मात्र बिनसाबणाचं, म्हणजे भाजी धुतलेलं निवळ पाणीच घालावं लागतं. साबणाचं पाणी घातलं तर त्याची छिद्रं बुजतात. म्हणून अंघोळीचं पाणी मडक्यात न घालता दुसऱ्या वाटेने दिलं. दीड फूट लांबीचे जुन्या पाइपचे तुकडे घेतले, त्यांना बाजूने भोकं पाडली, झाडाच्या घेरात तिरके पुरले आणि आत बारीक खडी भरली. बादली त्यात ओतली की पाणी थेट मुळांच्या थरात. वरची माती कोरडीच राहते, त्यामुळे तणही उगवत नाही.

कुंड्यांचं वेगळं. मातीची कुंडी सगळ्या बाजूंनी वाळते. सिमेंटच्या अंगणावर ठेवलेली कुंडी तर खालूनही तापते. राखायच्या तेवढ्या कुंड्या कडुनिंबाखाली आणून जमिनीत गळ्यापर्यंत पुरून टाकल्या. एकमेकींना चिकटून ठेवल्या. याने पाणी निम्म्यावर आलं असेल असा माझा अंदाज आहे, मोजलेलं नाही.

मग आच्छादन. मी पाणी वाचवण्याच्या सगळ्या उपायांत याला पहिला नंबर देते, मडक्याच्याही आधी. कडुनिंबाचा पाला, पारिजातकाची गळलेली पानं, पुढच्या रसवंतीवाल्याकडचं उसाचं चोयटं आणि एका नातेवाइकांच्या शेतातून आणलेली भुईमुगाची टरफलं. झाडांच्या बुडाशी चार बोटं जाड थर, फक्त खोडाला टेकू द्यायचा नाही. काळ्या मातीच्या बाबतीत याचा आणखी एक फायदा आहे. ती वाळली की भेगाळते आणि त्या भेगांतून खालची ओलही निघून जाते, शिवाय मुळं तुटतात. थर टाकण्याआधी भेगा बारीक मातीने बुजवून घेतल्या. दोन आठवड्यांनी पालापाचोळा बाजूला करून हात घातला तर खाली गारवा होता. शेवटचं पाणी देऊन तोवर आठवडा होत आला होता.

मामांनी फोनवर आणखी चार गोष्टी बजावल्या होत्या. खत घालू नको, विशेषतः युरिया, कारण नवी पालवी फुटली की झाड जास्त पाणी मागतं. छाटणीही नको, त्याच कारणासाठी. तण एकही राहू देऊ नको. आणि लिंबावरची फळं काढून टाक. हे शेवटचं ऐकून वाईट वाटलं, पण फळ पोसणं म्हणजे झाडाला दुहेरी भार. गोटीएवढी हिरवी लिंबं सगळी तोडली. आंब्याला मोहोर कमीच होता, त्याच्याही कैऱ्या उतरवल्या. आंब्याच्या पानांवर केओलिन ही पांढरी माती पाण्यात कालवून फवारली. सात-आठ टक्क्यांचं द्रावण करतात, म्हणजे दहा लिटरला साधारण पाऊण किलो. पानं पांढुरकी दिसतात, ऊन परावर्तित होतं आणि पानांतून वाफेने जाणारं पाणी कमी होतं. फळबागा जगवताना शेतकरी हे करतातच. परसातल्या झाडालाही ते लागू पडलं.

आणखी एक, जे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. दुपारी दोन वाजता पानं माना टाकतात ती पाहून बादली उचलायची नाही. झाड उन्हात स्वतःला आवरून घेतं. पहाटे जाऊन बघायचं. पहाटेही पानं मलूल असतील तरच त्याला तहान आहे. खात्रीसाठी खुरप्याने वीतभर उकरून माती मुठीत दाबायची. गोळा होत असेल तर अजून ओल आहे, भुगा झाला तर पाणी द्यायचं.

एप्रिलच्या शेवटी गल्लीतल्या एक मावशी आल्या. त्यांच्या घरात सात माणसं, टँकर आला की त्या सगळ्यात पुढे असायच्या. आमच्या कुंपणापाशी थांबून त्या जरा तिखटपणेच म्हणाल्या, "काय गं पोरी, इथं प्यायला पाणी नाही अन् तुझं लिंबू एवढं हिरवं कसं?"

मला तो प्रश्न रास्त वाटला. मनात आला नसता तरच नवल. म्हटलं, "मावशी, आत या, दाखवते." मोरीतला टब दाखवला, बादल्या दाखवल्या, पाइपांत पाणी ओतून दाखवलं. त्यांनी मडक्यावरचा परळ उचलून आत पाहिलं. मग त्या बराच वेळ कपडे खळबळलेल्या पाण्याबद्दल विचारत बसल्या, कारण त्यांचं तेवढं पाणी रोज गटारात जायचं. त्यांच्या दारात शेवग्याचं एक झाड होतं, पानं गळून काठीसारखं झालेलं. त्यांनी त्याला ते पाणी सुरू केलं. मावशींशी झालेलं बोलणं मी तेव्हापासून कसोटी म्हणून वापरते. टंचाईत झाडाला घातलेलं प्रत्येक पाणी असं असावं की रांगेत उभ्या असलेल्या बाईला हात धरून दाखवता येईल. ज्या पाण्याबद्दल तिला सांगताना आपली नजर खाली जाईल ते घालू नये.

जूनच्या उत्तरार्धात पाऊस आला तोवर गुलाबाची तीन झाडं गेली होती, चौथं बुडापासून फुटलं. कुंड्यांतली शेवंती सगळी गेली. कढीपत्ता अर्धा वाळला होता, तो छाटल्यावर पुन्हा आला. जास्वंदीला पिठ्या ढेकणाने धरलं, ताणातल्या झाडाला तो लवकर लागतो. लिंबू, आंबा, पारिजातक, मोगरा, तुळस राहिली. हरळी पहिल्या आठ दिवसांत हिरवी झाली. पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसाने मांजरा धरण भरलं आणि शहराने श्वास सोडला.

पहिला चांगला पाऊस झाला तेव्हा एक काम मुद्दाम केलं. सगळ्या आळ्यांचे बांध उंच करून पावसाचं पाणी दोन-तीन वेळा तुंबवून जिरवलं, म्हणजे उन्हाळाभर साठलेले साबणाचे क्षार खाली धुवून गेले. लिंबाच्या आळ्यात थोडं जिप्समही मिसळलं. वापरलेल्या पाण्यावर बाग ठेवायची असेल तर हे दर पावसाळ्यात करावं लागतं, नाहीतर दोन-तीन वर्षांत माती घट्ट होते.

दुसऱ्या वर्षी छताचं पाणी धरलं. हिशोब सरळ आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. आमचं छत शंभर चौरस मीटरचं आहे. ७०० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असं मानलं तरी ५६ हजार लिटर होतात. एवढं पाणी साठवायला जागा नाही, म्हणून पहिल्या सरींचं घाण पाणी सोडून दिलं की पुढचं गाळणीतून आधी पाच हजार लिटरच्या टाकीत आणि टाकी भरली की बोअरच्या बाजूच्या खड्ड्यात जिरतं. ती टाकी दिवाळीनंतर कुलूप लावल्यासारखी बंद ठेवतो. मडकी दर दोन वर्षांनी बदलावी लागतात, क्षारांनी ती बुजतात.

आता आमच्याकडे कॅलेंडरवर १ मार्चला खूण असते. त्या दिवशी टाकीत काठी घालून पाणी बघायचं. अर्ध्याच्या वर असेल तर मोगऱ्याला आणि कुंड्यांना त्यातलं मिळतं. अर्ध्याखाली असेल तर फक्त आंबा आणि लिंबू, बाकीच्यांना घरात वापरून उरेल ते. यंदा काठी अर्ध्याच्या खाली चार बोटं भिजली. लिंबावरची लहान फळं गेल्या आठवड्यात उतरवली आहेत.